धरणगावचे खिडकीभाऊ

खिडकीभाऊंच्या स्टुडिओच्या जिन्यात त्यांचा हात जोडलेला मोठा फोटो लावलेला होता. त्या फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, बदामाच्या आकाराच्या चौकटीत, त्याच फोटोकडे कौतुकाने पाहणारे दुसरे खिडकीभाऊ होते. नवीन गिऱ्हाईक जिना चढताना तिथे क्षणभर थबकायचं. नमस्कार दोघांपैकी कोणाला परत करायचा, हे त्याला कळायचं नाही. भाऊंना यात हसण्यासारखं काही दिसत नसे. माणूस मोठा असला की त्याच्याकडे पाहणारं कोणीतरी लागतं, आणि दुसरं कोणी रिकामं नसेल तर ते काम आपणच करावं, असं त्यांचं सरळ मत होतं.

लग्नाच्या व्हिडिओत मुख्य चित्राच्या कोपऱ्यात दुसरं छोटं चित्र बसवायचं, त्याला आमच्या धंद्यात पिक्चर-इन-पिक्चर म्हणतात. भाऊ त्याला खिडकी म्हणत आणि तालुका त्यांना खिडकीभाऊ म्हणे. खरं नाव फक्त लाइट बिलावर होतं. काम तसं सोपं. कॉम्प्युटरवर खालच्या पट्टीवर एक चित्र ठेवायचं, वरच्या पट्टीवर दुसरं. वरचं पाव आकाराचं करून कोपऱ्यात सरकवायचं आणि कडेला रेघ मारायची. कोणीही दुपारभरात शिकेल. भाऊंनी त्यावर अख्खं आयुष्य काढलं. सोनेरी रेघ, गुलाबाची रेघ, लुकलुकणाऱ्या दिव्यांची रेघ. त्यांची खिडकी साधी कधी यायचीच नाही. गिरक्या घेत यायची, दोनदा उडी मारायची आणि मग कोपऱ्यात बसायची.

मी धुळ्याची. एडिटिंगचा कोर्स केलेला, धुळ्यात दोन वर्षं नोकरी केलेली, त्यामुळे चांगलं-वाईट आपल्याला कळतं असा माझा समज होता. लग्न होऊन धरणगावला आले आणि बियाण्याच्या दुकानावरच्या त्या स्टुडिओत काम मागायला गेले. भाऊंनी माझं जुनं काम लावायला सांगितलं. मी अभिमानाने एका लग्नाचा व्हिडिओ लावला. स्वच्छ चित्र, शांत संगीत, कुठे नटवेपणा नाही. भाऊंनी तो हात बांधून शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, दवाखान्यासारखं वाटतं. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "कोपरा रिकामा शे."

त्यांचं हे वाक्य मी पुढे सहा वर्षं ऐकलं. नवरीच्या मेंदीच्या हातावर मी कॅमेरा सावकाश नेलेला असायचा, भाऊ मागून यायचे आणि म्हणायचे, कोपरा रिकामा शे. मग मेंदीच्या हाताशेजारी नवरदेवाचा पासपोर्ट फोटो गिरक्या घेत येऊन बसायचा. त्यांनी मला कामावर घेतलं ते माझा कोर्स पाहून नव्हे, त्यांच्या डोळ्यांना पडदा फार वेळ सोसत नव्हता म्हणून. मला हाक मारायचे 'धुळेकर'. धुळ्याहून आलेल्या माणसाला काही येत नाही, पण शिकवलं तर येऊ शकतं, असा त्या हाकेचा सूर असायचा.

पण या भिकार खिडकीवर तालुक्यातली निम्मी लग्नं शांततेत पार पडत होती, हे कबूल करायला हवं. आमच्याकडे लग्नात माणसं जेवायला कमी आणि रुसायला जास्त येतात. टिळा आधी कोणाला लावला, फेटा कोणाचा राहिला, कॅमेऱ्यात कोण आलं नाही. लग्न उरकून गेलं तरी हिशेब पुरा होत नाही. तो व्हिडिओ आल्यावर होतो. भाऊंचा त्यावर एकच उतारा होता. "ज्याले मान नही भेटना, त्याले खिडकी दे," ते मला सांगायचे. मामा राहिला? सप्तपदीत खिडकी टाक. जावई रुसला? कन्यादानात टाक. नवरानवरीने एकमेकांना हार घातले, तर कोपऱ्यात चौकटीतला थोरला जावई पान खात असायचा.

सोनगीरकडच्या एका लग्नात नवरदेवाचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, फेट्यावरून इतके रागावले होते की त्यांनी खापरावरचे मांडे ताटासकट परत पाठवले. भाऊंनी त्यांना सप्तपदीभर खिडकी दिली. फुवा दोन्ही मुलांना घेऊन खास ती पाहायला धरणगावला आले. पाहून झाल्यावर म्हणाले, मामाची खिडकी माझ्यापेक्षा मोठी आहे. भाऊंनी टेबलाच्या खणातून प्लास्टिकची पट्टी काढली, पडद्याला लावली आणि दोन्ही खिडक्या मोजून दाखवल्या. सारख्याच निघाल्या. फुवांचा विश्वास बसेना. त्यांनी पट्टी हातात घेऊन स्वतः मोजलं, मग धाकट्या मुलाला मोजायला लावलं. समाधान झाल्यावर चहा पिऊन गेले. मी हसत होते. भाऊ हसले नाहीत. त्यांनी पट्टी पुसून परत खणात ठेवली.

या सगळ्यामागे शहाणपण होतं असं मात्र कोणी समजू नये. भाऊ मोठ्या माणसासमोर वाकायचे, आणि वाकले की लवकर सरळ व्हायचे नाहीत. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचं काम आमच्याकडे होतं. संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप आला की आपली खिडकी संपूर्ण कार्यक्रमात राहावी. भाऊंनी ती ठेवली. चौथीतल्या एका मुलीने कोळीनृत्यात जीव तोडून नाच केला होता. नेमकी ती ज्या बाजूला होती त्याच बाजूला अध्यक्षांचं तोंड बसलं. आठ मिनिटांच्या नाचात त्या मुलीचा फक्त एक पाय आणि टोपलीचा काठ दिसत होता. मी भाऊंशी भांडले. निदान या नाचापुरती खिडकी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवू, म्हटलं. ते म्हणाले, दुसऱ्या कोपऱ्यात अध्यक्षांच्या मागे पडदा येतो, त्यांचा चेहरा काळा दिसतो.

"पोरे मोठा व्हई जातीन, इसरी जातीन," ते म्हणाले. "अध्यक्ष इसरस नही."

त्या मुलीची आई व्हिडिओ न्यायला आली तेव्हा मी मान वर केली नाही. भाऊंनी मात्र तिला मनापासून सांगितलं की पोरीचा पाय फार छान पडतो. त्या दिवसापासून त्यांच्याविषयी माझं मत पक्कं झालं होतं. हा माणूस भित्रा आहे, बोलायला गोड आहे आणि याला चित्रातलं काही कळत नाही. मी दुसरीकडे काम शोधू लागले होते. जळगावला एके ठिकाणी बोलणंही झालं होतं.

मग वर्षाचं लग्न आलं.

वर्षा धरणगावजवळच्या एका खेड्यातली. तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. चांगली बागायती, भाऊबंदांत शब्दाला वजन. थोरल्या मुलीचं लग्न त्यांनी थाटात केलं होतं आणि त्याचा व्हिडिओ भाऊंनीच काढला होता. वर्षाने मात्र नोकरीच्या ठिकाणी भेटलेल्या, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी ठरवलं. आबांनी भाऊबंदांच्या बैठकीत सांगून टाकलं की आपल्याला एकच मुलगी आहे. घरातलं कोणीही त्या लग्नाला जाणार नाही, असंही तिथेच ठरलं. आबांचे धाकटे भाऊ तात्या, ते यात सर्वांत पुढे होते. आबा एकदा बोलले होते. तात्या तेच रोज चौकात बोलत.

लग्न धुळ्यातल्या एका लहान कार्यालयात झालं. शूटिंगला भाऊ स्वतः गेले, मला नेलं नाही. आठवड्याने वर्षा स्टुडिओत आली. तिचं मागणं लहानसं होतं. घरी जाता येत नाही, तर थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओची एक प्रत मिळेल का? त्यात सगळे आहेत, एवढंच म्हणाली. भाऊंनी तिला चहा दिला, प्रत दिली, आणि ती जिना उतरून गेल्यावर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. म्हणाले, थोरलीच्या लग्नातून आबा काढ. अक्षता टाकताना सापडतील. ते हिच्या लग्नात खिडकीत टाक.

मी म्हटलं, भाऊ, हे खोटं आहे. जो माणूस आला नाही तो आला असं दाखवायचं? ते म्हणाले, टाक. मी पुन्हा म्हटलं की हे अंगाशी येईल. ते म्हणाले, डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात टाक, आणि मोठी कर, नेहमीच्या दीडपट. मला हे पटेना. खिडकी नेहमी वर उजवीकडे असायची. खाली डावीकडे ती मांडवातल्या लोकांवर येत होती आणि दिसायला ओबडधोबड दिसत होती. पण भाऊंनी त्या दिवशी हट्ट सोडला नाही. अक्षता सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ती तिथून हलता कामा नये, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मी काम केलं आणि चांगलं केलं, हे सांगायला मला आता लाज वाटते. आबा थोरलीच्या लग्नात ज्या बाजूला तोंड करून उभे होते, ती बाजू इथे उलटी पडत होती. ते नवरानवरीकडे पाठ करून अक्षता टाकतायत असं वाटायचं. म्हणून मी चित्र आरशात दिसतं तसं फिरवून घेतलं. आता आबा थेट वर्षाकडे पाहत होते. भाऊंनी वर गुलाबाची रेघ मारायला लावली आणि खिडकी गिरक्या घेत आणली. इतकं खोटं केल्यावर गिरकीवर कशाला अडायचं!

वर्षाने तो भाग स्टुडिओतच पाहिला. रडली नाही. तीन वेळा लावायला सांगितला. मग, आबांना हे माहीत आहे का, असं विचारलं. भाऊ म्हणाले, कळेल तेव्हा कळेल. ती व्हिडिओ घेऊन सासरी गेली.

कळायला चार दिवससुद्धा लागले नाहीत. नवरदेवाच्या चुलतभावाने तो तुकडा मोबाइलवर स्टेटसला ठेवला आणि तो फिरत फिरत गावात पोचला. एकच मुलगी असलेले आबा दुसरीच्या डोक्यावर अक्षता टाकत होते, तेही गुलाबांच्या चौकटीत. पारावर लोकांनी आबांना विचारायला सुरुवात केली की जेवणात काय होतं.

एका दुपारी तात्या आणि आबा जिना चढून वर आले. बोलत होते ते तात्याच. पोलिसात देतो, स्टुडिओला कुलूप लावतो, कॉम्प्युटर खाली फेकतो. भाऊंनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि चहा सांगितला. आबांनी फक्त एवढंच म्हटलं की मला दाखव. मी लावलं. ते पुढे झुकून पाहत राहिले. संपल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, माझा खिसा उजवीकडे कसा गेला? मी चित्र उलटं केलं होतं, ते त्यांनी एका नजरेत ओळखलं होतं. कोर्स न केलेल्या माणसाने माझी चोरी पकडली होती. मी खाली मान घालून उत्तर दिलं.

तात्यांची मागणी स्वच्छ होती. ही खिडकी काढायची, तिच्याशिवायचा व्हिडिओ तयार करायचा आणि तो सगळ्या ग्रुपवर टाकायचा, म्हणजे लोकांना दिसेल की आबा तिथे नव्हते. काम पाच मिनिटांचं होतं. मी माउसला हात घातला. भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हात जोडून तात्यांसमोर उभे राहिले. खिडकी आता चित्रातून निघत नाही, असं त्यांनी सांगितलं. मूळ चित्र पुसलं गेलंय. पण आपण म्हणाल तर मी स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहून माफी मागतो. बठ्ठा तालुका ऐकेल, सगळाच्या सगळा.

ते धडधडीत खोटं बोलत होते. मूळ चित्र माझ्यासमोर कॉम्प्युटरच्या खालच्या पट्टीवर तसंच पडलेलं होतं. कॅमेऱ्यासमोर नाक घासायची एवढी हौस कोणाला असते? मला त्यांची किळस आली. तात्या मात्र खूश झाले. हात जोडलेले भाऊ त्यांना बिनखिडकीच्या व्हिडिओपेक्षा जास्त आवडले असावेत.

भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुस्तकी मराठीत माफी मागितली. ती मला अजून पाठ आहे.

"धुळ्याच्या लग्नाच्या व्हिडिओत आबा अक्षता टाकताना दिसतात, ते मी कॉम्प्युटरवर केलेलं आहे. आबा त्या लग्नाला आलेले नव्हते. त्यांना पत्रिका गेली होती. मुलीने पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती शेवटपर्यंत रिकामी होती. आबांनी मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकलेल्या नाहीत. झालेल्या चुकीबद्दल मी सर्व भाऊबंदांची माफी मागतो."

एवढं होऊनही त्यांना कोपरा रिकामा दिसलाच. पुरावा म्हणून थोरलीच्या लग्नातले खरे आबा खिडकीत टाक, म्हणाले. मी टाकले. नेमका तो भाग थोरली सासरी निघतानाचा होता. आबा फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसत होते. तात्यांनी ते पाहिलं, त्यांना पुरावा चोख वाटला, आणि त्यांनीच तो आपल्या मोबाइलवरून सगळीकडे पाठवला.

आता गावाने पाहिलं ते असं: कोपऱ्यात एका मुलीसाठी रडणारे आबा, आणि मोठ्या चित्रात, दुसरीची खुर्ची रिकामी राहिली असं हात जोडून सांगणारा माणूस. आधी आबा गेले म्हणून लोक बोलत होते. आता गेले नाहीत म्हणून बोलू लागले. आबा दूध घालायला गेले तेव्हा भावकीतल्या एका अक्काने त्यांना भर चौकात विचारलं, "म्हणजे तू खरंच गया नही?" गावाचं काही गेलं नाही, त्याची दोन्ही वेळा करमणूक झाली. भाऊंनी हे ठरवून केलं की वेंधळेपणाने, ते मला आजही सांगता येत नाही. विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की शर्ट पांढरा घालायला हवा होता.

महिन्याभराने आबा पुन्हा आले. या वेळी एकटे. पहिला व्हिडिओ लावायला सांगितला, खिडकीवाला. मी लावला. अक्षता सुरू झाल्या, खिडकी गिरकी घेत आली, तशी त्यांनी थांबव म्हटलं. थोडं मागे घे. आणखी थोडं. खिडकी तिरकी असताना तिच्या खालून मूळ चित्राचा एक तुकडा क्षणभर उघडा राहत होता. तिथे खांबाच्या कडेला हिरव्या साडीचा काठ दिसत होता.

आबांनी भाऊंना विचारलं की माझ्यामागे कोण झाकलंय. भाऊ म्हणाले, कोणी नाही, भिंत आहे. आबा पडद्याकडेच पाहत राहिले.

"भाऊ," ते म्हणाले, "त्या भिंतले मना घरनी साडी शे."

एरवी कोणासमोरही गोड बोलणारे भाऊ उभ्या जागी पांढरे पडले होते. मला आता सगळं कळत होतं. खिडकी त्या कोपऱ्यात का, दीडपट का, ती काढायची सोडून माफी का. बाकीचं भाऊंनी नंतर सांगितलं. सोनगीरला बहिणीकडे जाते असं सांगून वर्षाची आई धुळ्याला गेली होती. खांबाआड उभी राहिली होती. भाऊंचा कॅमेरा पाहून तिने हात जोडले होते की मला यात घेऊ नका. इतर तुकड्यांतून भाऊंनी तिला आधीच कापून काढलं होतं. अक्षतांचं चित्र कापता येत नव्हतं, म्हणून तिच्यावर तिचा नवरा बसवला होता.

मला वाटलं, आबा आता खिडकी काढ म्हणतील आणि मला ती काढावी लागेल. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"मंग माले तठेच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

तात्याने विचारलं तर काय सांगायचं, असं भाऊंनी हळूच विचारलं. चित्र पुसलं गेलंय हेच सांगा, आबा म्हणाले. माझ्या घरीही सांगू नका की मी तिला पाहिलं. मग चहा न घेता जिना उतरून गेले. पुढे वर्षाच्या घरी ते गेले की नाही, मला माहीत नाही. गावात तरी तसं कोणी ऐकलं नाही. आई मात्र वर्षातून दोन-तीनदा सोनगीरला बहिणीकडे जाऊ लागली आणि आबा तिला स्वतः एसटीत बसवून द्यायचे, असं आमच्या खालच्या बियाणेवाल्याने सांगितलं.

ते गेल्यावर मी वरची पट्टी बंद करून मूळ चित्र पाहिलं. पदर कपाळापर्यंत ओढलेली एक बाई खांबाला टेकून उभी होती. सगळ्यांच्या अक्षता टाकून झाल्यावर तिने मूठ उघडली. इतक्या लांबून त्या नवरीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. हे चित्र मी काम करताना पन्नास वेळा पाहिलं असेल. मला ती दिसली नव्हती. मी भाऊंवर चिडले, मला आधी का नाही सांगितलं म्हणून. ते म्हणाले, "तू कोर्स करेल शे. तुना तोंडवर बठ्ठा दिसस."

जळगावचं काम मी घेतलं नाही. भाऊ सुधारले, असंही नाही. पुढच्याच महिन्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्यांनी एका पडद्यावर नऊ खिडक्या टाकल्या; केक कुठे आहे ते शोधावं लागत होतं. त्या कामावरून आमचं भांडण झालं आणि आठ दिवस बोलणं बंद होतं. चांगला माणूस निघाला म्हणून कोणाची आवड चांगली होत नाही.

पुढे लोक मोबाइलवरच आपले आपण व्हिडिओ करू लागले, भाऊंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलाने त्यांना सुरतला नेलं. स्टेशनवर मी गेले होते. निरोपाचं काही बोलतील असं वाटलं होतं, पण ते गाडी येईपर्यंत मुलाने खालचा बर्थ घेतला नाही यावरच बोलत होते. गाडी हलताना त्यांनी जुन्या हार्ड डिस्कची पिशवी माझ्या हातात दिली. कोणी मागायला आलं तर देत जा, पण आधी मागे कोण उभं आहे ते पाहत जा, एवढं म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात ते सुरतलाच वारले. धरणगावच्या चौकात त्यांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. मधोमध भाऊ, आणि भोवती गोल चौकटींत शोकाकुल मंडळी, माजी, आजी आणि भावी. संस्थेचे अध्यक्ष भाऊंपेक्षा मोठे होते. मी पट्टी लावून मोजलं नाही, पण होते.

आता स्टुडिओ मी चालवते. कोणतंही लग्न आलं की आवाज बंद करून ते एकदा पूर्ण पाहते, पुढच्या माणसांकडे न बघता. खांबाआड, कूलरमागे, चपलांपाशी, गाड्या लावतात तिथे. बहुतेक वेळा कोणी नसतं. मागच्या महिन्यात जवळच्याच एका खेड्यातलं लग्न होतं. मांडवाबाहेर जनरेटरच्या पलीकडे एक मध्यम वयाची बाई उभी होती, एकटी, जेवायलाही न थांबलेली. मी तो तुकडा कापून बाजूला ठेवला. तीन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज दबका होता. त्या लग्नाच्या व्हिडिओत मी आलेय का, असं तिने विचारलं. मी विचारलं, यायला पाहिजे की नको? पलीकडे पिठाची गिरणी चालू होती.

"नको," ती म्हणाली. मग हळूच, "पन माले एकलीले दखाडशी का?"

बाजाराच्या दिवशी दुपारी या, मी म्हटलं. बाजाराला जाते असं घरी सांगता येतं.